भोंगाबाई आणि न झालेला पूल

आमच्या मतदारसंघाला यंदाच्या निवडणुकीपर्यंत तीन आमदार झाले. एक डॉक्टर, एक पैलवान आणि एक शेठ. तिघांचे पक्ष वेगळे, पोटं वेगळी, हात जोडायच्या तऱ्हाही वेगळ्या. आवाज मात्र तिघांचा एकच, आणि तो रोज आमच्या स्वयंपाकघरातून "यात मीठ घालायचं राहिलंय, की माझंच तोंड गेलंय?" असा गर्जायचा. कारण तो माझ्या आत्याचा आवाज.

निवडणूक आली की टेम्पोच्या टपावर भोंगे बांधायचे, ड्रायव्हरशेजारी आत्याने माइक धरून बसायचं, आणि अमुक उमेदवार कसे कार्यसम्राट आहेत ते गल्लोगल्ली सांगत फिरायचं. सकाळी एका पक्षाची गाडी, दुपारनंतर दुसऱ्याची. टेम्पो तोच, ड्रायव्हरही तोच. जेवणाच्या सुट्टीत तो फक्त झेंडा बदलायचा. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दाढी करता करता विचारायचे, "ताई, आज कुणाचा विजय निश्चित आहे?"

"जेवणापर्यंत पैलवानांचा, जेवणानंतर शेठचा," आत्या केसांना पिन लावत म्हणायची. "आणि संध्याकाळी गरम पाण्याचा. घसा शेकायला ठेव एक तांब्या."

लोक तिला भोंगाबाई म्हणतात, तेही तोंडावर. तिला राग येत नाही. "कार्यसम्राट म्हणत नाहीत, एवढं नशीब," म्हणते. मत कुणाला देते, ते तिने घरात कधी सांगितलं नाही. कुणी टोकलंच तर ठरलेलं उत्तर असायचं: "कागद त्यांचा, आवाज माझा. मी नुसतं वाचते."

हे उत्तर एका शब्दापुरतं खरं नव्हतं. पण ते कळायला बराच काळ जावा लागला.

आधी आमच्या भागाला स्वतःचा आमदारच नव्हता. आम्ही शहराच्या मतदारसंघाची शेपटी होतो. शहराचे आमदार कधीमधी यायचे, गाडीची काच अर्धी खाली करून "अरे वा, बरीच वस्ती झाली की!" म्हणायचे आणि काच वर करायचे. मग वस्ती इतकी वाढली, की सरकारने शेपटी कापून तिचाच वेगळा मतदारसंघ केला. मधोमध रेल्वेचे रूळ. रुळांच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला, बाजार, दवाखाना, कचेऱ्या. पलीकडे कारखाने, नव्या इमारती आणि आम्ही. मध्ये फाटक. आणि मालगाडीला नेमकं आमच्या फाटकात येऊनच विचार करायची सवय. ती थांबते, सुस्कारा सोडते, आणि अर्धा मतदारसंघ उरलेल्या अर्ध्याकडे डब्यांच्या फटींतून बघत उभा राहतो.

पहिल्या निवडणुकीला डॉक्टरसाहेब उभे राहिले. आत्या तेव्हा त्यांच्या दवाखान्यात नुकतीच लागली होती. प्लायवूडच्या पार्टिशनमागे डॉक्टर, पुढे रेक्झिन फाटलेलं बाक, एक वजनकाटा आणि टेबलामागे आत्या. "नंबर सहा, आत चला! सात, तयारीत राहा. आठ, खोकायचं असेल तर बाहेर जाऊन मोकळे व्हा." आजही ती तिथेच असते. बाकही तेच आहे.

प्रचार सुरू झाला आणि घोषणा देणाऱ्या माणसाचाच घसा बसला. तो औषधाला आला, पण गर्दी बघून रस्त्याच्या पलीकडे सावलीत जाऊन उभा राहिला. आत्याने बसल्या जागेवरून "नंबर सात!" अशी हाक मारली. तो तर आलाच, शिवाय रस्त्याने चाललेला एक सायकलवालाही घाबरून आत आला. पार्टिशनमागून डॉक्टर डोकावले. त्यांचं बोलणं संथ, आणि दर वाक्याच्या शेवटी, जीभ दाखवा म्हणतात त्या चालीवर एक "काय?"

"याचा घसा गेला. काय? तुझा ठणठणीत आहे. काय? उद्यापासून गाडीत तू बस."

बसली. डॉक्टर निवडून आले, आणि पुढेही येत राहिले. मध्येच एकदा त्यांनी फाटकाशेजारी, पलीकडच्या बाजूला, पुलाची कोनशिला बसवली. मग पैलवान आले. त्यांना लांबण आवडत नसे. "पूल करायचा. विषय संपला." विषय खरंच संपला. जाताना त्यांनीही एक कोनशिला बसवली. मग शेठ आले. शेठ इमारती बांधतात आणि वाक्यांवरही मजले चढवतात: "बघा, कसं आहे, पूल म्हणजे नुसता पूल नव्हे, पूल म्हणजे दृष्टी, आणि दृष्टी म्हणजे, बघा, कसं आहे..." मी घरात शेठचा हा आवाज काढला की आत्या मान हलवते. "चुकलं. दृष्टी म्हणताना ते घड्याळ बघतात. तू बघितलं नाहीस." त्यांची कोनशिला ग्रॅनाइटची, चकचकीत. तिच्यात बघून भांग पाडता येतो.

पक्ष बदलले, चिन्हं बदलली, पण आत्याच्या हातातल्या कागदावर शेवटची ओळ कायम तीच: फाटकावर पूल होणारच! ही ओळ न म्हणता आमच्याकडे कुणी निवडून आलेलं नाही. 'पूल'वर आत्याचा आवाज चढायचा आणि 'होणारच'वर जाऊन असा ठाम उभा राहायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, झालाच, फक्त रंग द्यायचा राहिलाय.

यंदा निवडणूक लागली आणि त्याच सुमारास आत्याच्या कपाटाची किल्ली हरवली. म्हणून ती किल्लीवाल्याकडे गेली. तो पलीकडच्या बाजूला त्या तीन कोनशिलांपाशीच बसतो. पहिल्या शिळेवर स्वतः, दुसरीवर किल्ल्या ठोकतो, आणि तिसरी ग्रॅनाइटची, म्हणून तिच्यावर जेवणाचा डबा. पुढ्यात छोटं टेबल, त्याला लटकवलेले जुन्या किल्ल्यांचे झुपके. जागा अगदी कोपऱ्यात. रस्ता फाटकाकडे वळतो तिथून ती दिसतही नाही.

"काय हो, इथे कोपऱ्यात गिऱ्हाईक येतं का?" आत्याने विचारलं.

"येतं की. वाट चुकलं की येतं," तो कानस घासत म्हणाला. "मेहुणा बाजारात दुकानाचा अर्धा ओटा देत होता. दर वेळी विचारतो, दर वेळी नाही म्हणतो मी. बायको म्हणते, तुमच्या डोक्यालाच कुलूप बसलंय. पण म्हटलं, आता उठायचं कशाला? पुलाचा जिना इथेच उतरणार. सगळं गाव माझ्या पुढ्यातून जाईल."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"तुम्हीच की!"

आत्या हसली. "अहो, मी कागद वाचते. बोलतात ते पुढारी."

"छे, छे. डॉक्टरांचं भाषण मी स्वतः ऐकलंय, पहिल्या निवडणुकीचं. ते म्हणाले, पुलासाठी प्रयत्न करू. प्रयत्न काय, मीही रोज करतो बारीक व्हायचा. पण दुसऱ्या दिवशी तुमची गाडी आली आणि तुम्ही म्हणालात, होणारच. म्हटलं, बाई दवाखान्यात असतात, यांना आतली बातमी असणार." त्याने किल्ली फुंकली आणि तिच्या हातावर ठेवली. "पुढाऱ्यांवर कोण विश्वास ठेवतंय? मी तुमच्या आवाजावर बसलोय इथे."

त्या दिवशी आत्या घरी आली ती गप्प. आमच्या घरात आत्या गप्प म्हणजे वीज गेल्यासारखं. बाबांनी दोनदा मीठ कमी असल्याची तक्रार केली, तरी ती बोलली नाही. शेवटी तिने ताट बाजूला सारलं आणि सांगून टाकलं.

"डॉक्टरसाहेबांनी 'प्रयत्न करू'च लिहिलं होतं रे. पण मोठ्याने म्हणून बघ. म्हण ना!"

"प्रयत्न करू!" बाबा ओरडले.

"बघितलंस? 'करू'मध्ये हवाच नाही. भोंग्यातून ते कवळी काढल्यासारखं यायचं. गल्लीच्या तोंडापर्यंत पोचायचं नाही. म्हणून मी 'होणारच' केलं. 'च'वर कसं थांबता येतं. डॉक्टर म्हणाले, अगं पोरी, हे मी कुठे लिहिलंय, काय? पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग तेही गप्प बसले. पुढच्यांनी तर छापूनच आणलं."

"एक शब्द तर बदललास, ताई."

"त्या एका शब्दावर तो माणूस बसलाय! शिळेवर! पाठीला कळ लागते म्हणून दवाखान्यात येतो, आणि मी त्याला नंबर देते!"

आता तिला तो शब्द परत घ्यायचा होता. पण जो शब्द भोंग्यावरून गल्लोगल्ली वाटला, तो एकेकाच्या कानात जाऊन परत कसा मागणार? त्यालाही भोंगाच हवा.

पहिले आले धाकटे डॉक्टर. मोठ्या डॉक्टरांनी दवाखाना मुलाकडे सोपवलाय आणि ते वरच्या मजल्यावर गॅलरीत बसून रस्त्याचं निदान करत असतात. यंदा हे धाकटे उभे होते. त्यांना आत्याने अंगाखांद्यावर खेळवलंय, म्हणून ते तिला मावशी म्हणतात आणि तिच्याशी बोलताना अजून हात मागे बांधतात.

"मावशी, ॲक्च्युअली, यंदा गाडीवर तुम्हीच. दुसरं कोण?"

"मीच. पण पुलाची ओळ मी वेगळी म्हणणार. आधी ज्यांनी ज्यांनी पूल देतो म्हटलं त्यांची हजेरी घेणार, मग तुमचं."

"म्हणजे, ॲक्च्युअली, बाबांचंही नाव?"

"त्यांच्यापासूनच सुरुवात."

"मावशी, ही निवडणूक आहे, परीक्षा नाही."

"परीक्षा न देताच डॉक्टर झालात का?"

धाकट्या डॉक्टरांचे कान लाल झाले. "राहू दे मग," ते म्हणाले, आणि उगाचच तिचं ब्लडप्रेशर तपासून गेले. पाठोपाठ शेठचा फोन. "बघा, कसं आहे, इतिहास म्हणजे मागे बघणं, आणि आपली दृष्टी समोर आहे."

"समोर तीन दगड आहेत, शेठ. जपून या."

झालं. दोन्ही पक्षांनी शहरातून एक रेकॉर्ड केलेली बाई मागवली. इतकी गोड, की ऐकून दाढ दुखावी. टेम्पो तोच, ड्रायव्हर तोच, आणि ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी. फाटक पडलेलं असलं तरी ही बाई थांबायची नाही. समोर मालगाडी विचार करत उभी, आणि ही तिला समजावतेय: फाटकावर पूल होणारच! फाटकावर पूल होणारच! आत्याने घराची खिडकी लावून घेतली. शब्द तिचा, आणि तोच दुसऱ्याच्या तोंडून तिच्या दारात येऊन ओरडत होता.

अशात एके दिवशी मास्तरीणबाई दारात उभ्या. पलीकडच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धा मतदारसंघ त्यांच्या हातचा मार खाऊन मोठा झालाय. त्या अपक्ष उभ्या होत्या. शाळेची भंगारात निघालेली व्हॅन आणि कवायतीचा जुना भोंगा, एवढा त्यांचा पक्ष.

"माझ्याकडे बोलणारं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "सगळं आयुष्य मी 'गप्प बसा' म्हणण्यात घालवलं. तुमची अट कळली आहे. मान्य."

"तुमच्यासाठीही 'होणारच' म्हणणार नाही मी."

"मग काय म्हणाल?"

"प्रयत्न करू."

"ऐकू येईल?"

आत्या बऱ्याच दिवसांनी हसली. "हवा मी भरीन."

दुसऱ्या दिवशी व्हॅन फाटकापाशी पोचली, दांडा खाली आला आणि मालगाडी येऊन विचार करत उभी राहिली. दोन्ही बाजूंना सायकली, रिक्षा, पिशव्या घेतलेल्या बायका, कामावरून सुटलेली माणसं. आत्याने माइकवर टिचकी मारली. भाषणाची तिला सवय नव्हती. तिने डोळे मिटले आणि तिला येतं तेच केलं.

"नंबर एक!"

रांगेतल्या चारदोन जणांनी सवयीने नंबराच्या चिठ्ठीसाठी खिसे चाचपले.

"नंबर एक, डॉक्टरसाहेब! दुखणं: पूल. दर निवडणुकीला सांगितलं. शिळा बसवली. नंबर दोन, पैलवान! पूल. विषय संपला. नंबर तीन, शेठ! पूल, आणि त्यावर ग्रॅनाइट!"

"शेठ दोनदा म्हणाले!" एका गॅलरीतून आजोबा ओरडले. "एकदा निवडणुकीत आणि एकदा आमच्या लिफ्टच्या उद्घाटनाला!"

"लिफ्ट तरी चालू आहे का?" खालून कुणीतरी विचारलं, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना हशा पिकला. आपण एकाच गोष्टीवर हसतोय हे दोन्ही बाजूंना बहुधा पहिल्यांदाच कळलं.

"आणि या सगळ्यांच्या मध्ये कोण होतं?" आत्याने विचारलं. "मी. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं होतं, पुलासाठी प्रयत्न करू. 'होणारच' हा शब्द कुणी लिहिला नव्हता. तो मी घातला. ऐकायला बरा वाटला म्हणून. तो मी आज परत घेते."

हसणं थांबलं. तेवढ्यात रुळांच्या अलीकडून, दवाखान्याच्या वरच्या गॅलरीतून एक म्हातारा, संथ आवाज आला. एरवी कुणाला ऐकू गेला नसता, पण मालगाडीसुद्धा गप्प होती. "बरोबर आहे! मी 'प्रयत्न करू'च लिहिलं होतं! काय?"

कोपऱ्यात किल्लीवाला शिळेवरून उठून उभा राहिला होता. हातात हातोडी तशीच. "बाई," तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला आतली बातमी नव्हती?"

"नव्हती."

"मग मी उठू इथून?"

सगळी रांग आत्याकडे बघायला लागली. तिने माइक तोंडाशी नेला, मग खाली घेतला आणि नुसत्या तोंडाने बोलली, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "ते तुम्ही ठरवा. मला ते सांगता येणार नाही. यापुढे मी डोळ्यांनी बघितलेलंच सांगेन."

किल्लीवाल्याने कोपऱ्याकडे बघितलं, शिळांकडे बघितलं. "एवढी वाट बघितली," तो म्हणाला, "आता निकाल तरी बघतो," आणि बसला.

आत्याने माइक वर घेतला. "मास्तरीणबाई म्हणतात: प्रयत्न करू! आणि काय प्रयत्न केला, ते दर महिन्याला याच भोंग्यावरून सांगू! नंबर चार कोण, ते तुम्ही ठरवा!"

'करू'मध्ये इतकी हवा होती, की मालगाडीच्या टपावरची कबुतरं उडाली.

निवडून धाकटे डॉक्टरच आले, पण कसेबसे. पलीकडची बहुतेक मतं मास्तरीणबाईंनी नेली. शेठ तिसरे. आत्याला वाटलं, झालं, आता हेही चौथी शिळा आणतील. पण आमदार व्हायचं आणि बाकावरच्या लोकांनाही तपासायचं, यात एक अडचण असते, ती धाकट्या डॉक्टरांना आठवड्याभरात कळली.

"कुठे दुखतंय?"

"गुडघा, डॉक्टर. फाटकात उभं राहून."

पुढचा आत यायचा. "खोकला आहे. आणि पुलाचं काय झालं?" लहान पोरं दवाखान्यावरून जाताना "नंबर चार!" ओरडून पळायची. बाकावरचे रुग्ण खुदखुदायचे आणि पार्टिशनमागून आवाज यायचा, "मावशी, प्लीज!"

"मी काहीच बोलले नाही," आत्या म्हणायची. तेही खरंच होतं. महिना भरला की मास्तरीणबाई स्वतः नंबर लावून बाकावर बसायच्या, आत जायच्या आणि म्हणायच्या, "प्रकृती उत्तम आहे. प्रगती सांगा." त्यांच्या वर्गातच धाकटे डॉक्टर कधीकाळी कोपऱ्यात उभे राहिलेले असल्यामुळे ते खुर्चीवरून उठूनच उत्तर द्यायचे.

सुरुवातीला उत्तर नसायचं. मग एका महिन्यात एक पत्र गेलं. पुढच्या महिन्यात रेल्वेचा एक साहेब आला, फाटकात अडकला आणि चिडून गेला. ते बरंच कामाला आलं. आत्या शाळेच्या व्हॅनमधून सांगत फिरायची: "पत्र गेलं! साहेब आले! साहेब अडकले!" लोक खिडक्या उघडून ऐकायचे. रेकॉर्डवाल्या गोड बाईसाठी कुणी खिडकी उघडली नव्हती.

मग मोजणीवाले आले. तिपाईवरची दुर्बीण, लाल-पांढऱ्या काठ्या, फिती. त्यांनी दिवसभर मोजलं, दोन्ही बाजूंना मातीत भोकं पाडून माती भरून नेली, आणि जिन्याची जागा खुंट्या ठोकून पक्की केली. धाकटे डॉक्टर धावतच दवाखान्यात आले. "मावशी! खुंट्या मारल्या! आता तरी भोंग्यावर म्हणा ना, ॲक्च्युअली, होणारच!"

"आधी बघून येते."

ती गेली, मागोमाग मीही. खुंट्या होत्या. पण त्या तीन कोनशिलांपाशी नव्हत्या. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला होत्या, जिथे फाटक पडल्यावर रांग लागते तिथे, अगदी मोक्याला. किल्लीवाला आपल्या शिळेवर बसून त्यांच्याकडे बघत होता. आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

तो आधी गालात हसला, मग खांदे हलवून हसायला लागला. "तीन आमदारांनी शिळा बसवल्या, बाई. एकालाही जागा कळली नाही!" त्याने डोळे पुसले. "बरं, आता सांगा. होणार का?"

आत्याच्या ओठांवर तो शब्द आला होता. मला तर तो ऐकूही आला. पण तिने तो गिळला.

"खुंट्या मारल्यात," ती म्हणाली. "माती नेलीय. एवढं मी डोळ्यांनी बघितलंय."

"तुम्ही बघितलंत ना?"

"मी बघितलं."

"मग झालं तर." तो उठला, कमरेला हात लावून सरळ झाला आणि शिळेवरचा डबा उचलून तिच्या हातात दिला. "हे धरा. टेबल मी घेतो. नाही, थांबा, हे एकट्याला झेपायचं नाही. त्या टोकाला धरा."

डबा काखेत मारून आत्याने टेबलाचं एक टोक धरलं, त्याने दुसरं. किल्ल्यांचे झुपके झुलत, वाजत रस्ता ओलांडून गेले. खुंट्यांच्या अलीकडे, रांगेला लागूनच, त्यांनी टेबल टेकवलं. तिन्ही शिळा कोपऱ्यात तशाच राहिल्या. ग्रॅनाइटच्या शिळेत एक कावळा स्वतःला न्याहाळत होता.

तेवढ्यात फाटक पडलं. मालगाडी आली, थांबली, विचार करू लागली. रांगेतल्या एका बाईने पदराच्या गाठीतून एक वाकडी किल्ली काढली. "अहो, ही सरळ होते का? उभंच आहे तर." तिच्यामागे एका पोराने सायकलचं कुलूप पुढे केलं. त्याच्यामागून आणखी कुणीतरी हात वर केला. किल्लीवाला गोंधळला. इतकी गिऱ्हाइकं एकदम त्याने कधी बघितली नव्हती.

"बाई, पहिला कोण?"

आत्याने डबा टेबलावर ठेवला आणि घसा साफ केला. रांगेच्या पार शेवटच्या रिक्षावाल्यानेसुद्धा दचकून मान वर केली.

"नंबर एक!"